ट्रेलरखालचा जावई

...आणि वर विचारतात काय, तर "जावईबापू, पाठीला गार लागत असेल तर गोणपाट देऊ का?" आता तुम्हीच सांगा, गार लागतंय हा प्रश्न आहे का? माझ्या पाठीखाली खडी आहे, टोकदार, नाकाच्या शेंड्यावर ट्रेलरचा आस आहे, डोळ्यांत गंज पडतोय, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आहे, म्हणजे होता, पांढरा होता... आणि आमच्या सासूबाई मला गोणपाट देतायत! मी म्हटलं, "नको आई, बरंय." दुसरं काय म्हणणार? जावई ना मी! मानाचा जावई!

तुम्हाला सांगतो, जेवायला बोलावलं होतं मला. जेवायला! आमची ही सकाळी म्हणाली, "आईचा फोन होता, दोघं जेवायलाच या म्हणाली, तो पांढरा शर्ट घाला." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. सासूबाई उगाच जेवायला बोलावत नाहीत. मागे बोलावलं तेव्हा पाण्याची टाकी धुवायची होती. त्याच्या आधी बोलावलं तेव्हा भिंतीतून उंदीर काढायचा होता. पण माणूस कसा असतो, जेवण म्हटलं की मेंदू बंद! गेलो. दारातच सासूबाई म्हणाल्या, "या या जावईबापू, तुम्ही बसा हो!" आता ज्यांना आमच्या सासूबाई माहीत नाहीत त्यांना वाटेल, किती अगत्य! अहो, हे वाक्य म्हणजे धोक्याची घंटा आहे. "तुम्ही बसा हो" असं त्या म्हणाल्या की समजायचं, आता आपल्याला या जन्मी बसायला मिळणार नाही.

कारण पुढचं वाक्य होतं, "तुम्हाला विजेचं कळतं ना?"

मी कानाची यंत्रं विकतो हो! श्रवणयंत्रं! माझ्या दुकानातली सगळ्यात मोठी बॅटरी वाटाण्याएवढी असते! वायर असते ती केसासारखी! मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वायर ती वायर. तिकडे बारीक, इकडे जाड." झालं! निकाल लागला!

तर प्रकरण असं. आमच्या सासऱ्यांचा धंदा रोलर भाड्याने द्यायचा. रोलर म्हणजे तोच, खडी दाबणारा, पुढे लोखंडी पिंप असलेला, अंगण सपाट करा, पटांगण सपाट करा, गल्ली सपाट करा. आता रोलर काही रस्त्याने चालवत नेत नाहीत, पोचेपर्यंत माणूस म्हातारा होईल. तो चढवायचा ट्रेलरवर, ट्रेलर अडकवायचा पिकअपच्या मागे, आणि निघायचं. सासरे आयुष्यभर हेच करत आले. आणि त्या ट्रेलरला ब्रेक आहेत. आहेत हं! प्रत्येक चाकात आहेत, विजेवर चालणारे, बनवणाऱ्याने दिलेले आहेत. फक्त सासऱ्यांनी ते कधी जोडले नाहीत. वायरी गुंडाळून, वर चिकटपट्टी मारून, दांडीखाली खोचून ठेवल्या. का? तर म्हणे, "गाडीला ब्रेक आहेत की! गाडी थांबली की मागचं थांबतंच. शेळीला दोरी बांधली की शेपटाला वेगळी बांधतो का आपण?" आता या माणसाशी काय वाद घालणार? त्यातून त्यांना ऐकू येत नाही. मी दुकानातलं उत्तमातलं यंत्र भेट दिलंय, कपाटात आहे. "मला सगळं ऐकू येतं," म्हणतात, "तुम्ही लोकच पुटपुटता."

बरं, इतकी वर्षं नशिबाने साथ दिली. पण आमच्या इथे पाण्याच्या टाकीपासून खाली चौकापर्यंत एक उतार आहे, चांगला सणसणीत. मागच्या पंधरवड्यात सासरे आणि सासूबाई रोलर घेऊन त्या उतारावरून निघाले. खाली सिग्नल लाल. सासऱ्यांनी ब्रेक दाबला. पिकअप थांबायला बघतेय, पण मागचा रोलर कुठला थांबतोय! तो म्हणतो, चला पुढे! मागून ढकलत ढकलत, पिकअपला तिरकी करत, अख्खी वरात लाल सिग्नलमधून आरपार! आणि पलीकडे कुणाचं तरी बांधकाम चाललेलं, तिथे वाळूचा ढीग, त्या ढिगात तोंड खुपसून थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सासूबाई खाली उतरल्या, पदराची वाळू झटकली, आणि चालत घरी आल्या. मागून सासरे आले आणि म्हणाले, "थांबलो ना शेवटी?"

सासूबाई म्हणाल्या, "आपण नाही थांबलो. वाळू थांबली होती, आपण तिला जाऊन भेटलो."

आणि त्या दिवसापासून रोलर बंद. सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, ट्रेलरला ब्रेक लागल्याशिवाय तो दाराबाहेर जाणार नाही. शाळेचं पटांगण दाबायचं काम ठरलेलं, शाळावाले फोनवर फोन करतायत, आणि शाळा कुठे? त्याच उताराच्या खाली! सासरे दिवसभर शेडमध्ये लोखंडी खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "थांबलो होतो की मी! हिचं काहीतरीच!"

आता असं काम करायला मिस्त्री नको का? आहे ना, मागच्या गल्लीत आहे. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल, सगळे त्याला 'उद्या' म्हणतात. केव्हाही जा, "उद्या बघतो." हा उद्या नेमका गावाला गेलेला. पण फोनवर हजर! सासूबाईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकून ट्रेलरच्या फळीवर ठेवला, आणि हा तिकडून उंटावरून शेळ्या हाकतोय, आणि शेळी कोण? मी! मी म्हटलं, "आई, मी जरा शर्ट बदलतो..." तर म्हणाल्या, "तुम्ही बसा हो जावईबापू, एवढं काही नाहीये त्यात. असे खाली बसा... अजून थोडे... आता आडवे व्हा."

एक मात्र कबूल करतो, सासूबाईंनी तयारी चोख केली होती. चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर, जॅकने उचललेल्या बाजूला खाली भक्कम ठोकळे. उद्या फोनवरून ओरडला, "नुसत्या जॅकवर विसंबू नका हां! जावयाची चपाती होईल!" सासूबाई म्हणाल्या, "ठोकळे लावलेत. एकच जावई आहे."

मग सुरू झालं. चाकाच्या आत ब्रेकचा ड्रम असतो, त्याच्या मागे एक चीर असते, त्यातून स्क्रूड्रायव्हर घालायचा, आत एक दातेरी चकती असते, दिसत नाही, नुसती चाचपायची, आणि एकेक दात फिरवायची. बाहेरून सासूबाई हाताने चाक फिरवतायत. चकती फिरवत जायचं, चाक पार अडेपर्यंत, आणि मग थोडी उलटी सोडायची. किती सोडायची? तर उद्या म्हणतो, "खर्र आलं पाहिजे. घर्र नको." मी म्हटलं, "म्हणजे नक्की काय?" "अहो, चाक फिरताना आत किंचित घासल्याचा आवाज. खर्र. घर्र आलं म्हणजे जास्त कसलं, ड्रम तापेल, धूर निघेल. काहीच नाही आलं म्हणजे ढिलं. खर्र!" आता मी आयुष्यभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवून विचारत आलो, आली का ऐकू? आली का ऐकू? आणि इथे मी स्वतः चाकाला कान लावून पडलोय आणि वरून तिघं मला विचारतायत, "आलं का खर्र?" तिघं म्हणजे सासूबाई, उद्या आणि आमची ही, जी मधूनच स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारत होती. जेवण तयार आहे हं, असंही सांगत होती. जखमेवर मीठ!

आणि सासरे? सासरे खुर्चीवर. "सांगा तिला, काही उपयोग नाही याचा!" दर थोड्या वेळाने. "थांबलो होतो मी!"

बरं, सगळी चाकं खर्र झाली. मी म्हटलं, सुटलो. तर उद्या म्हणतो, "आता वायरिंग." पिकअपमध्ये पायांच्या वर एक डबी बसवायची, तिला एक लिव्हर. गाडीचा ब्रेक दाबला की ती डबी मागच्या चाकांकडे वीज पाठवते, चाकात लोहचुंबक असतो, तो ओढतो, ब्रेक लागतो. आणि लिव्हर दाबली तर गाडी सोडून नुसत्या ट्रेलरला ब्रेक. डबी सासूबाईंनी आधीच आणून ठेवलेली, बसवलीही त्यांनीच. मी आपल्या वायरी जोडल्या, रंगाला रंग. मग सासूबाईंनी लिव्हर दाबून धरली आणि उद्या म्हणाला, "आता प्रत्येक चाकापाशी कान लावा. गुणगुण आली पाहिजे."

लावला कान. पहिलं चाक, गुणगुण. दुसरं, गुणगुण. तिसरं, गुणगुण, सुरात. चौथं... शांत. मुडद्यासारखं शांत. मी म्हटलं, "हे बहिरं आहे." आमच्या धंद्यातली भाषा हो, तोंडात बसलीय. तर खुर्चीवरून सासरे उसळले, "कोण बहिरं आहे?" इतर वेळी कानाशी ढोल बडवा, ऐकू येत नाही, हे बरं ऐकू आलं!

उद्या म्हणाला, अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल, काढा, सांगाड्यापर्यंत घासा, लोखंड चकाकलं पाहिजे. "तुम्ही बसा हो जावईबापू," म्हणत सासूबाईंनी माझ्या हातात पॉलिशपेपर दिला. आणि मी परत आत! आतापर्यंत मला त्या ट्रेलरची खालची बाजू आमच्या बेडरूमच्या छतापेक्षा जास्त पाठ झाली होती.

मी तिथे घासतोय, घासतोय... आणि बघतो तर बाजूला दोन पाय. मग गुडघे. मग हात. आणि सासरे! अख्खे सासरे सरपटत माझ्या शेजारी येऊन आडवे झाले, हातात विजेरी. मला वाटलं, आता म्हणणार, थांबलो होतो मी. तर छे! विजेरी धरली बोल्टवर. आणि मग माझ्या कानाजवळ तोंड आणून, हळूच, अगदी कुजबुजत म्हणाले, "हिला सांगू नका."

आता बघा, ज्या माणसाला ऐकू कमी येतं त्याची कुजबुज कशी असते तुम्हाला माहितीय? माझं रोजचं गिऱ्हाईक आहे ते! त्याला वाटतं आपण कुजबुजतोय, आणि पलीकडच्या गल्लीत लोक थांबून ऐकतात! सासऱ्यांची ती कुजबुज ट्रेलरच्या पत्र्यावर आपटून अख्ख्या आवारात घुमली. मी त्यांना खुणावतोय, बाबा हळू, बाबा हळू, तर त्यांना वाटलं मी म्हणतोय, बोला, बोला.

म्हणाले, "त्या दिवशी मी पाय पार तळापर्यंत दाबला होता. मग दुसरा पण ठेवला वरून. दोन्ही पाय. आणि गाडी चाललीच होती. समोर एक बाई रस्ता ओलांडत होती, बाबागाडी घेऊन. ही माझ्या शेजारी. हॉर्न वाजवायचा तर हात उचलेना. मी डोळे मिटले. कळतंय का? चालवता चालवता डोळे मिटले मी. उघडले तेव्हा वाळू होती. ती बाई कशी वाचली, कुठे गेली, मला काही माहीत नाही. थांबलो ना, थांबलो ना, असं मी म्हणतो रोज. पण मी नव्हतं थांबवलं."

माझा हात थांबला. बाहेर हत्यारं आवरायचा आवाज थांबला. फळीवरचा फोन ओरडतोय, "हॅलो? काय झालं? मिळाला का बोल्ट? हॅलो?" आणि कुणीतरी तो पटकन बंद केला. स्वयंपाकघराच्या खिडकीतला भांड्यांचा आवाजसुद्धा थांबला.

मला खालून सासूबाईंची फक्त पावलं दिसत होती. ती तिथेच उभी. मग जरा हलली, लांब गेली, परत आली. आणि ते गोणपाट, सकाळपासून मला देत होत्या ना, ते गोणपाट हळूच आत सरकलं. माझ्याकडे नाही हं. सासऱ्यांच्या बाजूने! आणि वरून नेहमीच्या आवाजात, "जावईबापू, झाला का बोल्ट साफ?"

मी म्हटलं, "झाला, आई."

बोल्ट आवळला, सासूबाईंनी लिव्हर दाबली, चौथं चाक गुणगुणायला लागलं. सासरे म्हणाले, "वाजतंय?" मी मान हलवली. त्यांना कुठलं ऐकू यायला! त्यांनी तळहात ड्रमवर ठेवला. तसाच ठेवून पडून राहिले. मग म्हणाले, "हां. कळतंय."

पण तुम्हाला वाटतंय संपलं? छे! एक दोरीवाली पिन असते. ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर दोरी ताणून पिन उपसली जाते, आणि ट्रेलरवरची बॅटरी आपणहून ब्रेक लावते. सासूबाईंनी परत फोन लावला, उद्या म्हणाला, पिन उपसून बघा. मी उपसली. "लागले ब्रेक?" लागले. शाब्बास. आणि सगळे जेवायला गेलो! पिन माझ्या खिशात! जेवून आलो, सासूबाईंनी पिकअप चालू केली, ट्रेलर हलेना. जोर लावला, हलेना. चाकं फरफटतायत, फिरत नाहीत. मी गाडीभोवती गोल गोल फिरतोय, वायरी तपासतोय, घाम फुटलाय, शेवटी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर पिन खाली पडली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. निदान ब्रेक पक्के आहेत हे कळलं." जावयाची अब्रू अशी झाकायची असते, म्हणजे तिचं भोक सगळ्यांना नीट दिसतं.

मग त्या डबीचा आकडा लावायचा, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागायचा ते. मागच्या मोकळ्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर घेऊन गेलो, सासूबाई चालवतायत, मी शेजारी, लिव्हर माझ्याकडे. आकडा जास्त लागलेला! मी लिव्हर दाबली आणि ट्रेलरने असा हिसका दिला की माझं कपाळ काचेला! कमी केला, तर ट्रेलर मागून धक्के मारतोय, रांगेतल्या अधीर माणसासारखा. वाढवला, कपाळ. कमी केला, धक्का. शेवटी जमलं. परत येऊन रोलर चढवला, तर उद्या म्हणतो, "वजन वाढलं, आता आकडा परत लावा!" आणि रोलर नीट आसांच्या वर, जरासा पुढे झुकता ठेवा, मागे गेला तर ट्रेलर शेपूट हलवेल. साखळ्यांनी आवळा. सगळं केलं. कपाळ परत एकदा काचेला लागलं, ते सांगत नाही.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेचं पटांगण. रोलर लादलेला, साखळ्या आवळलेल्या, पिन जागेवर, मी स्वतः बघितली. सासूबाईंनी चावी काढली आणि सासऱ्यांपुढे धरली. त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. चावी घ्या."

"तू चालव की. काल चालवलीस ना?"

"मी शेजारी बसणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "चावी घ्या."

त्यांनी चावी घेतली. मी म्हटलं, "मी निघतो मग दुकानात..." तर काय म्हणाल्या असतील? "तुम्ही बसा हो जावईबापू!" आणि या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना खरोखरच मी बसायला हवा होतो. दोघांच्या मधे! लिव्हरपाशी! जेव्हा बसायचं होतं तेव्हा आडवं केलं, आणि जेव्हा पळायचं होतं तेव्हा बसवलं!

टाकीपाशी आलो. उतार समोर. खाली चौक, पलीकडे तो वाळूचा ढीग, अर्धा संपलेला. सासऱ्यांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. गाडी उतरायला लागली. निम्म्यात आलो आणि सिग्नल लाल झाला. सासऱ्यांनी पाय ठेवला. दाबला नाही, ठेवला. आणि तुम्हाला सांगतो, मागून कुणीतरी आपला सदरा धरून म्हणावं ना, थांब रे, कुठे निघालास, तसं झालं. ट्रेलरने गाडीला धरलं. धक्का नाही, हिसका नाही. पांढऱ्या पट्टीच्या इतके अलीकडे थांबलो की मागच्याने हॉर्न मारला.

समोरून माणसं रस्ता ओलांडायला लागली. एक काठीवाले आजोबा, दप्तरं घेतलेल्या दोन मुली, एक माणूस फोनवर भांडत. आमच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. कशाला बघतील? थांबलेल्या गाडीकडे कोण बघतं? सासरे मात्र बघत होते, एकेकाकडे, शेवटचा माणूस पलीकडच्या पायरीवर चढेपर्यंत. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या बाई परवा भाजीबाजारात दिसल्या होत्या. बाबागाडीवाल्या. बाळ चांगलं गुटगुटीत आहे. मी गाल ओढून आले."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी समोर बघितलं, मी काय करणार, मी मधे! ते इतकंच म्हणाले, "यांना इतकं मोठ्याने बोलायची काय गरज होती?" म्हणजे सगळा आळ माझ्यावर! मी बोललो होतो का काही?

असो. पटांगण झालं, शाळावाले खूश, सासूबाई खूश. दुःख एकच आहे, आणि ते माझ्या एकट्याच्या वाट्याला आलंय. सासऱ्यांना आता ब्रेकची गोडी लागलीय! पूर्वी हा माणूस थांबत नव्हता, आता निघत नाही! येताना तर चढ, समोर रस्ता रिकामा, तरी कुत्रं दिसलं, थांब. कुत्र्याची सावली दिसली, थांब. हिरवा सिग्नल दिसला तर म्हणतात, "लाल होईल आता," थांब! मागे गाड्यांची रांग टाकीपर्यंत, हॉर्नचा गोंगाट, त्यांना अर्थातच काही ऐकू येत नाही. "बघा, कसा थांबतो! बघा आता... थांबला की नाही!" शेवटी एका थांब्यावर मी "जरा काम आहे" म्हणून उतरलो, चालत घरी आलो, आंघोळ केली, चहा घेतला, पेपर वाचला, आणि खिडकीतून बघितलं... तर ट्रेलर आमच्या घरासमोरून अजून जायचाच होता.